ढाक्याचा भानू, कोलकात्याचा भानू

१९५१ साली कोलकात्याच्या रंगभूमीवर सलिल सेन यांचं ‘नतुन इहुदी’ आलं. फाळणीने पूर्व बंगालातून उखडून टाकलेलं एक कुटुंब शहरात येतं आणि शहरात त्याची वाताहत होते, अशी त्याची गोष्ट. त्यातली माणसं पद्मा नदीपलीकडची बोली बोलत होती. ती बोली नक्कल करून निभावणारी नव्हती, लहानपणापासून तोंडात रुळलेलीच हवी होती. म्हणून नाटकातल्या मुलीच्या भूमिकेसाठी भानू बंदोपाध्याय यांनी एक किशोरवयीन मुलगी हेरून आणली. ती स्वतःच निर्वासित होती. तिला अभिनय शिकवावा लागणार होता, भाषा मात्र ती घरूनच घेऊन आली होती. ही मुलगी म्हणजे पुढे बंगाली रंगभूमीवर आणि पडद्यावर मोठी झालेली साबित्री चॅटर्जी. भानूंनीही त्या नाटकात काम केलं. ज्यांच्या घरी हेच सगळं चालू होतं, अशी माणसं समोर बसून ते पाहत होती.

दोन वर्षांनी, १९५३ च्या फेब्रुवारीत, निर्मल दे यांचा ‘साडे चुयात्तर’ प्रदर्शित झाला. त्यात एका मेसमध्ये राहणारा केदार नावाचा तरुण याच बोलीत बोलतो आणि थिएटर हशाने भरून जातं. केदार म्हणजे भानू. तोच नट, तीच बोली, तेच शहर. त्या चित्रपटात केदार एका मावशीकडे मालपुवा मागतो, ते एवढंसं वाक्य आज सत्तर वर्षांनंतरही बंगाली घरांत जेवणाच्या पानावर कुणी ना कुणी म्हणून दाखवतं.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला मला आधी या दोन प्रसंगांपाशी थांबवायचं आहे. ज्या भाषेने माणसं रडली, त्याच भाषेने ती हसली, आणि मधल्या काळात भाषेत काहीही बदल झाला नव्हता. भानूंनी ती कधी सौम्य केली नाही, कोलकात्याच्या कानाला सोसेल अशी धुऊनपुसून घेतली नाही. बदल झाला तो ऐकणाऱ्यांत. तो कसा घडला, हे समजून घेतलं तर एका विनोदी नटाच्या चरित्रावर एवढी पानं का खर्ची घालायची हे वेगळं सांगावं लागणार नाही.

मराठी रसिकाचं बंगालशी नातं जुनं आणि मनापासूनचं आहे. रवींद्रनाथ, शरदबाबू आपल्याकडे घरच्यासारखे वाचले गेले. पु. ल. देशपांडे बंगाली शिकले, शांतिनिकेतनात जाऊन राहिले, ‘वंगचित्रे’ लिहिलं. सिनेमाच्या बाबतीत मात्र हे नातं फिल्म सोसायटीच्या वाटेने आलं, आणि त्या वाटेने आले सत्यजित राय, ऋत्विक घटक, मृणाल सेन. हा मोठा ठेवा आहे. पण त्यामुळे बंगाली सिनेमा म्हणजे गंभीर सिनेमा, अशी समजूत आपल्याकडे पक्की झाली. टॉलीगंजच्या स्टुडिओंतून त्याच दशकांत निघालेले, कोलकात्याच्या सामान्य माणसाने पुन्हा पुन्हा पाहिलेले विनोदी चित्रपट आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. आपण हसलो ते हिंदीतल्या बंगाल्यांना: केष्टो मुखर्जी, असित सेन, ‘गोलमाल’मधले उत्पल दत्त. बंगाली उच्चाराची हिंदी आपल्याला मजेची वाटली. पण खुद्द बंगालीच्या पोटात एक बंगाली दुसऱ्या बंगालीच्या उच्चाराला हसत आलेला आहे, आणि त्या हसण्याला शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

पश्चिम बंगालचा मूळ रहिवासी तो ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेला तो ‘बांगाल’. एकाची चिंगडी (कोळंबी), दुसऱ्याची इलिश (हिलसा मासा). फुटबॉलमध्ये एकाचा मोहन बागान क्लब, दुसऱ्याचा ईस्ट बेंगॉल. आज ही चेष्टा लग्नाच्या मांडवातही चालते. पण कोलकात्याच्या जुन्या प्रहसनांत बांगाल हा हक्काचा बावळट असे. ‘नीलदर्पण’ लिहिणारे दीनबंधू मित्र हे निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध रयतेची बाजू घेणारे मोठे नाटककार, पण त्यांच्या १८६६ च्या ‘सधबार एकादशी’तही पूर्वेकडून राजधानीत आलेला राममाणिक्य हा बांगाल शहरी मंडळींच्या टिंगलीचा विषय होतो. आपल्याकडेही मालवणी किंवा घाटावरची बोली बोलणारा गडी बराच काळ नाटकात हशापुरता यायचा आणि चहाचा ट्रे ठेवून जायचा. १९८० मध्ये ‘वस्त्रहरण’ आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली रंगमंचाच्या मधोमध आणून उभी केली. भानूंचं काम त्याच जातीचं आहे. फरक इतकाच की मालवणी माणसाला सणासुदीला परत जायला गाव होतं.

भानूंचा जन्म ऑगस्ट १९२० चा, ढाका जिल्ह्यातल्या विक्रमपूर भागात, मुन्शीगंजचा. त्याच महिन्याच्या १ तारखेला कोलकात्यात ईस्ट बेंगॉल क्लबाची स्थापना झाली होती. भानू पुढे त्या क्लबाचे जिवापाड चाहते झाले, म्हणून हा योगायोग बंगाली माणूस आवर्जून सांगतो. त्यांचं खरं नाव साम्यमय. हा मुलगा ढाक्यात वाढला तो काळ क्रांतिकारकांचा होता. त्याच मुन्शीगंज भागातला दिनेश गुप्ता हा त्याचा आदर्श. त्याच्यासाठी निरोप पोचवणं, पत्रकं इकडून तिकडे नेणं अशी कामं साम्यमयने शाळकरी वयात केली. ८ डिसेंबर १९३० रोजी विनय, बादल आणि दिनेश या तिघांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरून तुरुंग खात्याचा प्रमुख सिम्पसन याला गोळ्या घातल्या. १९३१ च्या जुलैत दिनेशला फाशी झाली. भानू तेव्हा अकरा वर्षांचेही नव्हते. विनोदी नटांच्या चरित्रात असं बालपण सहसा सापडत नाही. त्यांच्या नंतरच्या कामात मला एक निर्भयपणा दिसतो. समोर मालक असो, दरोगा असो की खुद्द यमराज, भानूंचं पात्र मान खाली घालत नाही. त्याचं मूळ मी या बालपणात शोधतो.

ढाका विद्यापीठात त्यांच्यावर सत्येंद्रनाथ बोस यांचा लोभ होता. ज्यांच्या नावाने पदार्थविज्ञानात ‘बोसॉन’ कण ओळखले जातात, तेच हे बोस. ते या विद्यार्थ्याकडून ढाक्याच्या नकला आणि किस्से करवून घेत आणि मनमुराद हसत. हे किस्से होते जुन्या ढाक्यातल्या घोडागाडीवाल्यांचे. त्यांना ‘कुट्टी’ म्हणत. गरीब, बहुतेक निरक्षर आणि जिभेने मात्र सगळ्या शहराला भारी. त्यांचा एक किस्सा दोन्ही बंगालांत सगळ्यांना माहीत आहे. एक गिऱ्हाईक गाडीवाल्याशी भाड्याची घासाघीस करत फारच कमी पैसे सांगतं. गाडीवाला आजूबाजूला बघतो आणि कळवळून सांगतो, मालक, जरा हळू बोला, घोड्याने ऐकलं तर तोसुद्धा हसेल.

या किश्शात हसतो कोण आणि कोणाला, ते पाहा. पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात आहेत, पण शेवटचा शब्द गाडीवाल्याचा आहे. घोडादेखील त्याच्याच बाजूचा. भानूंची सगळी विनोदबुद्धी या रस्त्यावरच्या शाळेत तयार झाली. १९४१ मध्ये, पोलिसांचा ससेमिरा चुकवत, ते ढाका सोडून कोलकात्याला आले आणि आयर्न अँड स्टील कंट्रोलच्या कचेरीत नोकरीला लागले. १९४३ मध्ये त्यांची पहिली विनोदी रेकॉर्ड निघाली, तिचा विषयही ढाक्याचा गाडीवाला हाच होता. कोलकात्याला बांगाल बोली हसण्यासाठी माहीत होती. पण बांगाल आपल्यापेक्षा हुशार असू शकतो आणि हसवता हसवता आपली फिरकी घेऊ शकतो, हे त्या रेकॉर्डमधून बहुधा पहिल्यांदा त्या शहराच्या कानावर पडलं.

मग १९४७ आलं. भानूंचा पहिला चित्रपट ‘जागरण’ याच वर्षीचा. ज्या गावाहून ते स्वतःच्या पायांनी निघून आले होते, ते गाव आता परदेशात गेलं. १९५० च्या दंगलींनंतर लोंढे आणखी वाढले. सियालदा स्टेशनच्या फलाटांवर कुटुंबंच्या कुटुंबं महिनोन्‌महिने राहिली. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालात सुमारे २१ लाख निर्वासितांची नोंद झाली. शहराच्या दक्षिणेला जादवपूर, विजयगड, आझादगड अशा वसाहती लोकांनी ओसाड जमिनी ताब्यात घेऊन स्वतः उभ्या केल्या. टॉलीगंजचे स्टुडिओ तिथून हाकेच्या अंतरावर. निमाई घोष यांनी १९५० च्या ‘छिन्नमूल’मध्ये खऱ्या निर्वासितांना पडद्यावर आणलं, ऋत्विक घटकांनी त्यांचं दुःख पुढे दशकभर मांडलं. भानूंच्या वाट्याला या इतिहासाची वेगळी बाजू आली. फलाटावरून उठून वसाहतीत आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ट्रामच्या कंडक्टरशी, भाजीवाल्याशी, कचेरीतल्या हेडक्लार्कशी बोलायला तोंड उघडतो आणि पहिल्याच शब्दाला ओळखला जातो. त्या पहिल्या शब्दाची लाज त्याच्या मनातून काढून टाकणं, हे भानूंनी केलं. मी हे फार मोठं काम मानतो. सरकारच्या पुनर्वसन खात्याकडे यासाठी कुठलीही योजना नव्हती.

‘साडे चुयात्तर’ यासाठी नीट पाहायला हवा. विजन भट्टाचार्य यांची कथा. तेच, ज्यांनी बंगालच्या दुष्काळावर ‘नबान्न’ लिहिलं. कोलकात्यातली एक मेस, म्हणजे गावाकडे बायकामुलं ठेवून आलेल्या किंवा अजून बिऱ्हाड न मांडलेल्या पुरुषांचं राहण्या-जेवण्याचं ठिकाण. गिरगावातल्या खाणावळी ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत त्यांना ती लगेच ओळखू येईल. मालक रजनीबाबू, म्हणजे तुलसी चक्रवर्ती. भाड्याची जागा सुटलेलं एक कुटुंब त्या पुरुषांच्या मेसमध्ये आसऱ्याला येतं, त्यात एक तरुण मुलगी असते, आणि सगळ्या मेसचे केस अचानक नीट विंचरले जाऊ लागतात. मुलगी सुचित्रा सेन, तिच्या प्रेमात पडणारा उत्तमकुमार. बंगाली सिनेमाची सगळ्यात लाडकी जोडी प्रेक्षकांनी पडद्यावर पहिल्यांदा पाहिली ती इथे. पण चित्रपट त्यांचा नाही. तो तुलसी चक्रवर्ती आणि मलिना देवी या मध्यमवयीन नवरा-बायकोचा आहे, आणि मेसमधल्या त्या टोळक्याचा आहे. त्या टोळक्यात धनंजय भट्टाचार्य, श्यामल मित्र, मानवेंद्र मुखर्जी यांच्यासारखे खरेखुरे गायक आहेत, जहर राय आहेत, आणि भानू आहेत.

भानूंचा केदार कुरूप नाही, लठ्ठ नाही, तोतरा नाही. त्या काळच्या विनोदी नटांकडे पाहिलं तर हे लक्षात येण्यासारखं आहे. नवद्वीप हलदारांकडे त्यांचा चिरका आवाज होता, तुलसीबाबूंकडे पोट, डोळे आणि टक्कल. भानूंकडे नजरेत भरावं असं काहीच नव्हतं. धोतर-सदऱ्यातला सडपातळ, नीटनेटका माणूस, ट्राममध्ये शेजारी बसला तर वळून पाहणार नाही असा. त्यांचं सगळं भांडवल म्हणजे बोलणं, आणि बोलण्याआधीची एक अतिशय छोटी थांबणूक. समोरच्याचं वाक्य ते पुरतं ऐकून घेतात, चेहऱ्यावर एक भाबडं कुतूहल ठेवतात आणि मग ढाक्याच्या ठसक्यात उत्तर फेकतात. मालपुव्याची मागणीसुद्धा तशीच. त्यात लाचारी नाही, चावटपणा नाही. परक्या शहरात खाणावळीचं जेवण जेवणारा मुलगा एका गृहिणीला आपल्या घरच्या भाषेत खायला मागतो आहे. प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी त्याच्या बाजूचा होऊन जातो.

जहर राय यांच्याशी त्यांची जोडी जमली ती पुढे इतकी रुजली की १९७१ च्या एका चित्रपटाचं नावच ‘भानू गोयेंदा जहर असिस्टंट’. जहरबाबू पाटण्याहून आलेले, अफाट वाचणारे. पटुआटोला गल्लीतल्या मेसची त्यांची खोली पुस्तकांनी भरलेली असे. सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मधला कपटी मंत्री ते हेच. तुलसी चक्रवर्तींना सत्यजित राय यांनी ‘परश पाथर’मध्ये नायक केलं. रवी घोष तर राय यांचे हक्काचे नट. भानूंना मात्र राय यांच्या एकाही चित्रपटात भूमिका नाही. याचं दुःख करणारे बंगाली मी पाहिले आहेत. मला ते समजतं, पण मला वाटतं की राय यांचा विनोद पाहण्यात असतो, शब्दांमधल्या शांततेत असतो. भानू ती शांतता भरून टाकणारे नट होते. त्यांची जागा दुसऱ्या सिनेमात होती, जिथे संवाद ऐकून लोक घरी जाताना ते म्हणत जायचे.

त्या दुसऱ्या सिनेमाचा कळस म्हणजे १९५८ चा ‘यमालये जीवंत मानुष’. गोष्ट मुळात दीनबंधू मित्र यांची. ज्यांच्या प्रहसनात बांगाल टिंगलीचा धनी होता, त्यांच्याच गोष्टीचा नायक नव्वद वर्षांनी विक्रमपूरच्या या बांगालाने केला. एक जिवंत माणूस यमाच्या दरबारात जाऊन पोचतो आणि तिथला कारभार पाहून गप्प बसत नाही. यम कमल मित्र, चित्रगुप्ताच्या कचेरीत जहर राय. स्वर्ग-नरकाची ती सगळी व्यवस्था एखाद्या सरकारी खात्यासारखी उभी केली आहे, आणि आयुष्याची उमेदीची वर्षं सरकारी कचेरीत काढलेले भानू तिच्यात हातपाय पसरून वावरतात. मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल, कारण ती तेलुगूत ‘देवांतकुडु’ झाली, तिथून ‘यमगोला’ला बळ मिळालं आणि ‘यमगोला’वरून हिंदीत १९७९ मध्ये जितेंद्रचा ‘लोक परलोक’ निघाला. एवढ्या लांबच्या प्रवासात ढाक्याची बोली साहजिकच गळून पडली, आणि तिच्याबरोबर मूळ चित्रपटाची धारही बोथट झाली.

याच काळात ‘भानू पेलो लॉटरी’, ‘पर्सनल असिस्टंट’ असे चित्रपट आले. नायक म्हणून विनोदी नटाचं नाव लावून चित्रपट काढणं निर्मात्यांना परवडू लागलं होतं. पूजेच्या सुमाराला निघणाऱ्या त्यांच्या विनोदी रेकॉर्ड मांडवामांडवांत वाजत. सगळंच उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. साठच्या दशकातल्या कितीतरी चित्रपटांत त्यांना बोलावलं जाई ते फक्त बांगाल बोलीत चार वाक्यं टाकण्यासाठी. पटकथेत त्या माणसाला घर नसे, नातं नसे, दुःख नसे. भानू ती कामं घेत, कारण घर चालवायचं होतं. अशा चित्रपटांची यादी मोठी आहे आणि ती भराभर उलटून पुढे गेलं तरी चालेल. पण ‘आशिते आसियो ना’मध्ये तळ्यात बुडी मारून तरुण झालेला म्हातारा त्यांनी ज्या तब्येतीने केला आहे, तो चुकवू नये. तपन सिन्हांच्या ‘गल्पो होलेओ सत्ति’त तर ते रवी घोष यांच्याबरोबर एका भांडकुदळ एकत्र कुटुंबात दिसतात. हृषीकेश मुखर्जींचा ‘बावर्ची’ ज्याच्यावरून निघाला, तोच हा चित्रपट. ‘बावर्ची’ आवडलेल्या प्रत्येकाने तो पाहायला हवा.

साठच्या दशकाच्या अखेरीस टॉलीगंजमध्ये मोठा संघर्ष झाला आणि नटांची संघटना फुटली. उत्तमकुमार बाहेर पडले, त्यांनी ‘शिल्पी संसद’ काढली. सौमित्र चॅटर्जी, अनुपकुमार आणि भानू ‘अभिनेतृ संघा’तच राहिले. पडद्यावरच्या महानायकाच्या विरुद्ध बाजूला उभं राहणं विनोदी नटाला परवडणारं नव्हतं. निर्मात्यांनी भानूंना काम देणं जवळजवळ थांबवलं. पन्नाशीला आलेला, तब्येतीने थकत चाललेला हा माणूस मग जात्रेत गेला. जात्रा हा बंगालचा उघड्यावरचा लोकनाट्यप्रकार. चितपूर रस्त्यावर तिच्या कंपन्यांच्या कचेऱ्या. दुर्गापूजेपासून हंगाम सुरू होतो आणि मग गावोगाव रात्रभराचे खेळ, दिवसा प्रवास. प्रेक्षक चहूबाजूंनी बसलेला. कॅमेऱ्यासमोरची ती छोटी थांबणूक तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. आवाज चढवावा लागतो, अंग वळवावं लागतं. भानू हे पन्नाशीत नव्याने शिकले, स्वतःचा ‘मुक्त मंच’ हा संच काढला आणि बंगालच्या खेड्यापाड्यांत फिरले. तडजोड करून परत यायचा रस्ता मोकळा असूनही ते आपल्या संघटनेला सोडून गेले नाहीत. यमाच्या दरबारात ताठ उभा राहणारा माणूस आणि हा माणूस मला वेगळे वाटत नाहीत.

पुढे चित्रपट पुन्हा मिळू लागले, शहरातल्या रंगभूमीवर ‘जय माँ काली बोर्डिंग’ने गर्दी खेचली. १९७७ मध्ये जहर राय गेले. ४ मार्च १९८३ रोजी कोलकात्यात भानूंचं निधन झालं. तोवर निर्वासितांच्या वसाहती शहराच्या नेहमीच्या वस्त्या होऊन गेल्या होत्या आणि तिथे जन्मलेली मुलं घराबाहेर कोलकात्याचीच बंगाली बोलत होती. आजी-आजोबांची बोली त्यांच्यापैकी कित्येकांनी सलग ऐकली ती भानूंच्या रेकॉर्डवर.

हे पुस्तक वाचताना मराठी वाचकाने दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात. एक म्हणजे नकाशा, ज्यात पद्मा, मेघना, विक्रमपूर आणि सियालदा एकत्र दिसतील. दुसरी म्हणजे ‘साडे चुयात्तर’. तो इंटरनेटवर सहज मिळतो. बंगाली येत नसेल तरी पहिल्यांदा उपशीर्षकांकडे फार लक्ष देऊ नका. मेसच्या जेवणघरातले प्रसंग नुसते ऐका. दहा-बारा तरुण एकाच वेळी बोलत आहेत, आणि त्यांतला एक आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळ्या हेलाने, वेगळ्या व्यंजनांनी येतो आहे, हे बंगालीचा एक शब्द न कळताही तुमच्या कानाला उमगेल. तो आवाज ओळखू आला की पहिलं प्रकरण उघडायला हरकत नाही.